झीलकऱ्याचा कान

सोलापूरहून वाडीकडे निघालेली गाडी पंधराएक किलोमीटरवर होटगीला येते. इथे लोहमार्गाला फाटा फुटतो. मुंबई-चेन्नई मार्ग सरळ पुढे जातो. दुसरा दक्षिणेला वळतो, भीमा ओलांडतो आणि विजयपूर, बागलकोट करत गदगला पोचतो. हा फाटा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मीटरगेज म्हणून पडला. माणसांची ये-जा मात्र त्याच्या कितीतरी आधीची. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांत घरात कानडी आणि बाजारात मराठी, यात कुणाला नवल वाटत नाही. होटगीचा बृहन्मठ याच दुभाषी मुलखातल्या वीरशैव परंपरेचा. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले वचनकार. त्यांची वचने कानडीत, आणि संक्रांतीच्या गड्डा यात्रेला लोटणारी गर्दी मराठी, कानडी, तेलुगू बोलणारी.

या फाट्याच्या दोन्ही अंगांना गोष्ट गाऊन सांगायची रीत आहे. उत्तरेला पोवाडा, दक्षिणेला गीगी पद. भाषा वेगळ्या, नायक वेगळे, पण बांधणी इतकी जवळची की एक नीट ऐकायला शिकलेला माणूस दुसऱ्यात फार वेळ परका राहत नाही. कारण दोन्हींत ऐकणाऱ्याची जागा रचनेतच राखून ठेवलेली आहे. गाणारा कितीही दमदार असो, गाऊन सांगितलेली गोष्ट कानाच्या मापाने शिवलेली असते, आणि ते माप कळलं की ऐकण्याची गोडी वाढते.

ऐकणारा मंचावरच उभा

पोवाड्याचा ताफा पाहा. पुढे शाहीर, हातात डफ. मागे दोघे-तिघे साथीदार. एकाकडे तुणतुणे, एकाकडे झांज. हे झीलकरी. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी तिचं शेपूट उचलतात, 'जी जी जी' करत सूर वर नेतात आणि ओळ पुन्हा शाहिराच्या हवाली करतात. नवख्याला ही नुसती भरती वाटते. प्रत्यक्षात त्या काही क्षणांत बरंच काही उरकतं. शाहिराला दम मिळतो. पुढची ओळ आठवायला किंवा जागच्या जागी जुळवायला सवड मिळते. सूर घसरला असेल तर ठिकाणावर येतो. आणि श्रोत्याला आत्ताच ऐकलेली ओळ मनात मुरवायला उसंत मिळते. बोलून सांगितलेल्या गोष्टीत एक वाक्य कानावर पडेपर्यंत दुसरं त्याच्यावर येऊन आदळतं. झील दोन ओळींत अंतर राखते.

या कामासाठी झीलकऱ्याला गळ्याइतकाच कान लागतो. शाहिराचा श्वास कुठे तुटतो, ओळ कुठे संपणार, आज त्याने कोणतं कडवं गाळलं, चाल कधी चढवली, हे सगळं त्याला श्रोत्यांच्या आधी कळावं लागतं. म्हणजे मंचावरचा तो पहिला श्रोता आहे. त्याच्या तोंडचा 'जी' ही श्रोत्यांच्या वतीने दिलेली पोचच असते.

गीगी पदात मुख्य गाणाऱ्याबरोबर साधारणतः दोघे साथ करतात. वाद्यं डप, तुंतुणी आणि ताळ. ओळीच्या अखेरीला साथीदार 'गी गी' असा सूर धरतात. पदांना नाव मिळालं ते त्यावरूनच. साथीचं अक्षर बदललं, काम तेच राहिलं.

तुळजापूरच्या वाटेवर गोंधळ्यांकडे याचाच आणखी एक अवतार दिसतो. गोंधळात आधी गण, नमन आणि देवदेवतांना आवाहन होतं, मग उत्तररंगात आख्यान लागतं. संबळ आणि तुणतुण्याच्या साथीवर नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, कथा लावतो आणि त्याचा साथीदार मध्येच अडवतो, भलतंच काही विचारतो, चुकीचा अर्थ लावतो. लोक हसतात, पण त्या हशाच्या आडून कथेतली अवघड जागा उलगडून सांगायची संधी नाईकाला मिळते. आपल्या मनात आलेली आणि विचारायला संकोच वाटणारी शंका तो साथीदार विचारून टाकतो.

चाल धरून ठेवते, गद्य पुढे नेतं

पोवाडा चौकाचौकांनी पुढे सरकतो. एका चौकातल्या ओळी एकाच चालीत बसवलेल्या असतात. चाल सोपी, थोड्या सुरांची, पुन्हा पुन्हा येणारी. शास्त्रीय संगीताचा कान असलेल्याला ती एकसुरी वाटू शकते. पण इथे चालीचं काम सजावटीचं नाही. तिने शब्द वाहून न्यायचे आणि त्यांना हरवू द्यायचं नाही.

हे कसं घडतं याचा शोध मानसशास्त्रातही घेतला गेला आहे. १९९४ साली वँडा वॉलेस या संशोधिकेने कथागीतांचे शब्द काही लोकांना गाऊन, काहींना नुसते बोलून ऐकवले आणि नंतर किती आठवतात ते तपासलं. गाऊन ऐकलेले शब्द जास्त लक्षात राहिले, पण एका अटीवर: तीच चाल अनेक कडव्यांत पुन्हा यायला हवी. एकच कडवं ऐकवलं तर चालीचा फायदा दिसला नाही. चाल ओळखीची झाली की पुढच्या ओळीत किती अक्षरं मावतील, जोर कुठे पडेल, यमक कुठे येईल, याचा अंदाज कानाला आधीच येतो. मग आठवणीला रिकाम्या जागा भरायच्या उरतात, आणि तसं भरणं कोऱ्या पाटीवर लिहिण्यापेक्षा सोपं. आपल्याकडच्या चौकाने ही अट कुणी न सांगता पाळली आहे.

मध्येच शाहीर गाणं थांबवतो आणि गद्यात बोलू लागतो. डफ गप्प होतो किंवा हलकी थाप धरून राहतो. 'खान वाईला आला, इकडे महाराज प्रतापगडी,' असा मुक्काम, वेळ, माणसं यांचा तपशील झपाझप सांगून होतो. कथा पुढे सरकते ती बहुधा अशा गद्यात. गाण्यात ती एका जागी थांबते आणि त्या जागेत खोल उतरते. भेटीचा शामियाना, उगारलेला हात, लपवलेलं हत्यार, हे गायचं. तिथवरचा प्रवास बोलायचा. म्हणून पोवाडा ऐकताना गद्यातून गाण्यात जाण्याचा क्षण पकडावा. शाहिराला कथेतली कोणती जागा मोलाची वाटते, ते तो तिथे सांगत असतो.

धनगरी ओव्यांत हे गायन आणि कथन आणखी ठळक दिसतं. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाची जत्रा भरते. धनगर समाजाचे ढोल तिथे महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही राज्यांतून येतात. सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडून ओवी सुरू होते. एक जण ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात, आणि गाण्याचा भाग संपला की तोच मजकूर वेगाने, जवळजवळ एका श्वासात, बोलून सांगितला जातो. गाण्यात शब्द सुरांत विरघळून निसटले असतील तर कथनात ते हाती लागतात. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्या अशा परंपरांवर गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या वाड्यांवर फिरून आयुष्यभर काम केलं. भीमेपलीकडे कानडीत डोळ्ळिन पदं ढोलावरच म्हटली जातात.

छापलं ते शब्द

आज आपल्याला माहीत असलेले जुने पोवाडे बहुतेक छापील रूपात भेटतात. एच. ए. ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह काढला. ॲकवर्थ हे ब्रिटिश सनदी अधिकारी. त्यांनी १८९४ साली काही पोवाड्यांची इंग्रजी भाषांतरंही प्रसिद्ध केली. जवळजवळ त्याच सुमारास, १८८०च्या दशकात, जॉन फ्लीट या दुसऱ्या सनदी अधिकाऱ्याने कानडी मुलखातली कथागीतं 'इंडियन अँटिक्वेरी'त छापली. त्यांत १८५७ साली हत्यारं जमा करण्याच्या हुकुमाविरुद्ध उठलेल्या हलगलीच्या बेडरांचं गीतही आहे.

हे संग्रह नसते तर पुष्कळ काही गेलं असतं. तरी कागदावर जे उतरलं ते शब्द उतरले. झील, थांबे, गद्यातली उत्स्फूर्त भर, श्रोत्यांची दाद, हे बाहेर राहिलं. त्यामुळे अफझलखान वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा नुसता वाचणाऱ्याला त्यातल्या नावांच्या लांबलचक याद्या कंटाळवाण्या वाटतात. ऐकणाऱ्याचं तसं होत नाही. सरदारांची, गडांची, हत्यारांची यादी डफाच्या वाढत्या लयीत येते तेव्हा प्रत्येक श्रोता तिच्यात आपलं काही शोधत असतो: आपल्या भागातला गड, आपल्या आडनावाचा माणूस. यादी हे पोवाड्यातलं हजेरीपुस्तक आहे आणि लोक आपलं नाव पुकारलं जातंय का याकडे कान लावून बसतात.

या पोवाड्याच्या अखेरीला कवीचं नाव येतं, आणि त्याला मिळालेल्या घोड्याचा आणि सोन्याच्या तोड्याचा उल्लेखही. १६५९ सालच्या घटनेनंतर लगेचच तो रचला गेला असं मानतात. म्हणजे घटना ऐकणाऱ्यांना ठाऊक होती, शेवटही ठाऊक होता. मग ते ऐकत काय होते? पुढे काय होणार ही उत्कंठा नव्हतीच. शाहीर ते कसं घडवून दाखवतो, कुणाला किती माप देतो, कुठे थांबतो, यावर त्यांचं लक्ष होतं. ठाऊक असलेली गोष्ट ऐकायला जास्त सावध कान लागतो, कारण तिच्यातला छोटासा फेरफारही अर्थ बदलतो. १८६९ साली महात्मा फुले यांनी शिवाजीराजांवर पोवाडा लिहिला तो हे ओळखूनच. नायक सगळ्यांच्या ओळखीचा, घाट सगळ्यांच्या ओळखीचा. बदलली ती बाजू. शेतकरी, कष्टकरी माणसाचा राजा म्हणून शिवाजी उभा करायला त्यांना निबंधापेक्षा पोवाडा जवळचा वाटला.

एका तारेची सोबत

श्रोता कथेला आकार देतो हे जगात दुसरीकडेही दिसलं आहे. १९३०च्या दशकात मिलमन पॅरी हा अमेरिकी अभ्यासक आणि त्याचा साहाय्यक अल्बर्ट लॉर्ड युगोस्लाव्हियात गेले. होमरची महाकाव्यं लिहिण्याआधी कशी गायली गेली असतील, याचा माग त्यांना जिवंत गायकांकडून काढायचा होता. तिथले गायक गुस्ले नावाच्या एकतारी वाद्यावर वीरकथा गात. १९३५ साली आव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाने त्यांना बारा हजारांहून अधिक ओळींचं एक काव्य सांगितलं.

ते त्याने शब्दशः पाठ केलेलं नव्हतं. त्याच्याकडे प्रसंगांचे साचे होते, घोडा सजवण्याचे, सैन्य जमवण्याचे, निरोप घेण्याचे. आणि मात्रांत नेमके बसणारे तयार शब्दसमूह होते. गाता गाता तो ते जुळवत जाई. लॉर्डने १९६०च्या आपल्या 'द सिंगर ऑफ टेल्स' या पुस्तकात दाखवून दिलं की अशा गायकाच्या कथेची लांबी श्रोत्यांवर ठरते. रमझानच्या रात्री कॉफीच्या दुकानात रमलेली मंडळी असली की वर्णनं फुलत. लोक उठून जाऊ लागले की तीच कथा आवरती घेतली जाई. आपल्याकडच्या जत्रेतल्या शाहिराला हे कुणी शिकवावं लागत नाही. पहिल्या चौकातच त्याला समोरच्या माणसांची नाडी कळते.

गुस्लेला एक तार, तशी तुणतुण्यालाही एकच. तुणतुणे म्हणजे तळाला कातडं मढवलेलं पोकळ नळकांडं, त्याला जोडलेली काठी आणि कातड्यापासून खुंटीपर्यंत ताणलेली तार. धून वाजवणं हे त्याचं काम नाही. ते आधारसूर आणि लय एकदमच पुरवतं. शाहिराचा आवाज कितीही वर गेला, गद्यात उतरला, हुंदक्याने अडला, तरी परत यायचं ठिकाण तुणतुणे राखून ठेवतं. डफाचं कातडं गारठ्यात सैल पडतं म्हणून तो शेकोटीवर शेकून घेतात. शेकलेल्या डफाची थाप कोरडी, टणक येते आणि शब्दांच्या कडा स्पष्ट करते.

सोलापूरचे शाहीर, सोलापूरचे श्रोते

उत्तर पेशवाईतला नामवंत शाहीर राम जोशी सोलापूरचा. वडीलभाऊ पुराणिक, हा मात्र तमाशाच्या नादाला लागला, घर सुटलं, पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकला आणि शाहिरीकडे परतला. पुढे त्याने कीर्तनंही केली आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांतून लोकांपर्यंत पोचवल्या. पंडिती शब्दकळा आणि डफाची थाप त्याच्या रचनेत एकत्र नांदतात. मराठीबरोबर संस्कृत, कानडी, तेलुगू, हिंदुस्थानी अशा भाषा खेळवणारी रचना त्याने केली ती चमत्कृतीसाठी खरी, पण सोलापूरच्या पेठेत असा श्रोता होता म्हणून ती रुजली. १९४७ साली राजकमलच्या 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटाने त्याला पुन्हा घराघरांत पोचवलं.

दुसरं नाव अमर शेख. जन्म १९१६, बार्शीचा. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गिरणीत काम केलेला हा माणूस पहाडी आवाजाच्या जोरावर कामगार चळवळीचा गायक झाला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्याने लाल बावटा कलापथक उभं केलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभा गाजवल्या. १९६९ साली अपघातात त्याचा अंत झाला.

याच लढ्यात गाजलेली अण्णा भाऊंची 'माझी मैना' ऐकणाऱ्याच्या तयारीवर कशी उभी आहे ते पाहण्यासारखं आहे. पोट भरायला मुंबईला आलेला गडी गावाकडे राहिलेल्या बायकोला आठवतो. विरहाची लावणी म्हणून लोक सैलावून ऐकू लागतात. मग त्याच विरहाच्या धाग्यावर बेळगाव, कारवार, निपाणी येतात आणि ताटातूट नवराबायकोची न राहता मुलखाची होते. कुठे ही कूस बदलते ते कवी ओरडून सांगत नाही. चाल तीच राहते. लावणीचा घाट अंगवळणी पडलेला श्रोताच ते वळण अचूक टिपतो, आणि टिपल्याचा आनंदही त्याचाच.

ऐकायचं कसं

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. तिच्यावर पोवाडा आला तो छाटलेला: गद्य कमी, याद्या कमी, झील आखूड. आज मोबाईलवर वेळेचं बंधन नाही, पण आपलं बोट पुढे सरकवायला शिवशिवतं. शिवजयंतीला कर्ण्यावर लागलेला पोवाडा वाहनांच्या आवाजात आपोआप मागे पडतो. त्याचा आवाज मोठा असतो. ऐकणं मात्र होतच नाही.

एखादा पूर्ण पोवाडा निवडावा आणि तो तीनदा ऐकावा. पहिल्यांदा फक्त कथेसाठी. कोण, कुठे, काय झालं, एवढंच. दुसऱ्यांदा शाहिराकडे दुर्लक्ष करून मागच्यांकडे कान द्यावा: तुणतुणे कधी दबतं, झील कुठे लांबते, कुठे झीलकरी ओळ न उचलता गप्प राहतात. युद्धाच्या ऐन प्रसंगी झील छोटी होते, निधनाच्या प्रसंगी ती ओढलेली असते. भावना शब्दांत येण्याआधी तिथे कळते. तिसऱ्यांदा सांधे ऐकावेत, म्हणजे गद्यातून गाण्यात, एका चालीतून दुसऱ्या चालीत जाण्याच्या जागा. चाल बदलली की काळ, ठिकाण किंवा बाजू बदलली असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही. एवढं झाल्यावर एखादं गीगी पद लावून पाहावं. कानडी येत नसली तरी कथा कुठे थांबली, कुठे धावली, कुठे कुणाचा मृत्यू झाला, याचा अंदाज बांधता येतो. तो बरोबर होता का हे होटगी स्टेशनवर कुणालाही विचारता येईल.

शेवटी एक परंपरा, जिच्यात ऐकण्याचीच परीक्षा होते. महाराष्ट्रात कलगी आणि तुरा असे शाहिरांचे दोन पक्ष. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला. उत्तर कर्नाटकात हाच वाद नागेशी आणि हरदेशी या नावांनी चालतो. एका फडाने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवायचं आणि उलटा सवाल टाकायचा. रात्र रात्र असे सामने रंगत. इथे भरपूर पाठांतर आणि खणखणीत गळा असलेला फडही हरू शकतो. समोरच्याने सवाल कुठल्या कथेत दडवला, कोणत्या ओळीत त्याची किल्ली ठेवली, हे ज्याला गाणं चालू असतानाच कळलं नाही, त्याच्याकडे उत्तर कुठून येणार? सामना जिंकणारा शाहीर आपली पाळी येईपर्यंत उत्तम झीलकरी झालेला असतो.